जंत माणसाचा की डुकराचा?

लहान मुलांच्या पोटात होणारा गोल जंत, म्हणजे ॲस्करिस, दिसायला जगभर सारखाच: गुलाबीसर पांढरा, वीतभर लांब, मादी त्याहूनही मोठी. ती दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते आणि ही अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. डुकरांतही हुबेहूब असाच जंत सापडतो. दोघे एकच की वेगळे, हे सूक्ष्मदर्शकाखाली काही ठरेना.

डीएनए तपासला, तर देशागणिक निराळंच चित्र. ग्वाटेमालात माणसं आणि डुकरं शेजारी राहूनही दोघांचे जंत बहुतांशी वेगळ्या वंशाचे निघाले. डेन्मार्कमध्ये मात्र रुग्णांच्या पोटातले जंत डुकरांच्या वंशाचे! तिथे शौचालयं चोख, पण वराहपालन प्रचंड, आणि डुकरांचं खत भाजीच्या वाफ्यांत पडतं. केनियातल्या खेड्यांत माणसांकडून मिळालेल्या जंतांचा जनुकसंच २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तर दोन्ही वंशांची सरमिसळ. 'दोन स्वतंत्र जाती' हे जुनं मत त्यामुळे बरंच डळमळलं, असं मला वाटतं.

शाळेत अल्बेंडाझोल या जंतनाशकाची गोळी चघळून मुलांचं पोट साफ होतं. पण जिथे जंत डुकरांकडूनही येतो, तिथे तो परत येण्याची वाट उघडीच राहते.