अनुपस्थित मतदार आणि विधिमंडळांचे कर्तव्य

मताधिकार कोणाला असावा, या प्रश्नाची चर्चा राज्यशास्त्रात विपुल झाली आहे. त्या मानाने, ज्याला मताधिकार मिळाला आहे त्याने तो कोठे, केव्हा व कोणत्या रीतीने बजावावा, हा प्रश्न केवळ प्रशासकीय तपशिलाचा समजून बाजूस सारला जातो. वस्तुतः मतदानाचा दिवस व स्थळ ठरविणारा कायदा मतदारांची एक निवड आधीच करीत असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे विशेष स्पष्टपणे दिसते. कारण तेथील संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाच्या चौथ्या कलमान्वये काँग्रेसच्या निवडणुकांची वेळ, स्थळ व रीत ठरविण्याचे काम प्रथमतः घटकराज्यांच्या विधिमंडळांकडे आहे. काँग्रेसला त्यात फेरफार करता येतो. परंतु दैनंदिन व्यवस्था राज्यांच्या कायद्यांनीच चालते. या विधिमंडळांनी अनुपस्थित व मुदतपूर्व मतदानाची सोय का वाढवावी, आणि ती वाढविताना कोणती पथ्ये पाळावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

(१)

नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा अध्यक्षीय निर्वाचकांच्या निवडीचा दिवस म्हणून काँग्रेसने १८४५ साली निश्चित केला. त्या वेळचा समाज मुख्यतः शेतकऱ्यांचा होता. नोव्हेंबरात सुगी आटोपलेली असे, रविवार उपासनेचा, आणि कौंटीच्या ठाण्यापर्यंत घोडागाडीने जाण्यास पुष्कळांना एक दिवस लागत असे. मंगळवार हा त्या समाजाला सोयीचा होता. आज तोच दिवस कामाचा दिवस आहे आणि संघराज्याच्या कायद्याने तो सुटीचा नाही. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व अधिनियमात १९९६ साली घातलेल्या कलम १३५ख मुळे मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुटी मिळते. तशी देशव्यापी तरतूद अमेरिकेत नाही. त्यामुळे तासावर मजुरी मिळविणारा कामगार, रुग्णालयातील परिचारिका, अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा करणारी मुलगी, यांना एका मताची जी किंमत मोजावी लागते ती कार्यालयातून तासभर सहज बाहेर पडणाऱ्याला मोजावी लागत नाही. मत समान, पण ते टाकण्याचा भार असमान, हे या प्रश्नाचे मर्म होय.

(२)

हा भार हलका करण्याचे प्रयत्न नवे नाहीत. यादवी युद्धाच्या काळात रणभूमीवरील सैनिकांनी मत कसे द्यावे, हा प्रश्न प्रथम तीव्रतेने उभा राहिला. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६२ साली सैनिकांच्या मतदानाचा कायदा राज्यघटनेशी विसंगत ठरविला, तेव्हा १८६४ साली त्या राज्याने आपली घटनाच दुरुस्त केली. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीपर्यंत संघनिष्ठ राज्यांपैकी बहुसंख्य राज्यांनी सैनिकांसाठी तरतूद केली होती. नागरी मतदारांसाठी व्हर्माँटने १८९६ साली व कॅन्ससने १९०१ साली कायदे केले. कॅन्ससचा कायदा रेल्वे कामगारांसाठी होता. कामामुळे गावाबाहेर राहावे लागणारा मनुष्य कर्तव्यच्युत नसतो, ही जाणीव त्यामागे होती.

पुढील टप्पा ‘कारण’ या अटीच्या त्यागाचा होता. कॅलिफोर्नियाने १९७८ साली कारण न सांगता टपाली मतपत्रिका मागण्याची मुभा दिली. ओरेगॉनच्या मतदारांनी १९९८ साली सर्वच मतदान टपालाने घेण्याचा निर्णय सार्वमताने केला. महासाथीच्या काळात, म्हणजे २०२० साली, जनगणना विभागाच्या पाहणीनुसार सुमारे ६९ टक्के मतदारांनी टपालाने अथवा निवडणुकीच्या दिवसापूर्वी मत दिले; २०१६ साली हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होते. तथापि २०२४ च्या निवडणुकीच्या वेळीही चौदा राज्यांत टपाली मतपत्रिकेसाठी कायद्याने मान्य केलेले कारण द्यावे लागत होते. त्यांपैकी अलाबामा, मिसिसिपी व न्यू हॅम्पशायर या तीन राज्यांत सर्वांना खुले असे मुदतपूर्व मतदानही नव्हते. ज्याचे कारण कायद्याच्या यादीत बसत नाही, अशा तेथील मतदाराला एकच दिवस उपलब्ध होता.

(३)

या बाबतीत न्यायालयांवर विसंबून का चालत नाही, हे १९६९ सालच्या एका निर्णयावरून कळते. शिकागोच्या कुक कौंटीतील तुरुंगात खटल्याची वाट पाहणाऱ्या, म्हणजे अद्याप दोषी न ठरलेल्या, काही बंदिवानांनी अनुपस्थित मतपत्रिका मागितल्या. इलिनॉयच्या कायद्यात त्यांचा वर्ग समाविष्ट नव्हता. संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, येथे प्रश्न मताधिकाराचा नसून अनुपस्थित मतपत्रिका मिळण्याच्या हक्काचा आहे. कायद्याने बंदिवानांचा मताधिकार हिरावला असे सिद्ध झालेले नाही. ज्याला तुरुंगाच्या दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही त्याच्या दृष्टीने हा भेद किती पोकळ आहे, हे सांगावयास नको. १९७४ साली न्यूयॉर्कच्या कायद्याबाबत त्याच न्यायालयाने बंदिवानांच्या बाजूने निर्णय दिला. परंतु तो वर्गीकरणातील विषमतेपुरता होता. अनुपस्थित मतदान ही विधिमंडळाने द्यावयाची सवलत आहे, ही भूमिका त्यामुळे मूलतः बदलली नाही.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा की, याचना करावयाची ती विधिमंडळाकडेच. काही राज्यांत त्याआधी घटनादुरुस्तीचा उंबरठा ओलांडावा लागतो. कनेटिकटच्या मतदारांनी २०२२ साली मुदतपूर्व मतदानासाठी व २०२४ साली विनाकारण टपाली मतदानासाठी घटनादुरुस्ती मान्य केली. न्यूयॉर्कमध्ये उलट घडले. तेथे २०२१ साली मतदारांनी अशी दुरुस्ती फेटाळली. तरीही विधिमंडळाने २०२३ साली मुदतपूर्व टपाली मतदानाचा कायदा केला व राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०२४ साली तो वैध ठरविला. कायदा टिकला खरा. परंतु लोकांनी नाकारलेली गोष्ट विधिमंडळाने दुसऱ्या वाटेने आणावी काय, हा प्रश्न अभ्यासकाने टाळू नये.

(४)

आक्षेपांपैकी गैरव्यवहाराचा आक्षेप निराधार नाही. मायामी शहराच्या १९९७ सालच्या महापौर निवडणुकीचा निकाल अनुपस्थित मतपत्रिकांतील लबाडीमुळे न्यायालयाने फिरविला. नॉर्थ कॅरोलिनाच्या नवव्या काँग्रेस मतदारसंघातील २०१८ ची निवडणूक मतपत्रिका बेकायदा गोळा केल्यामुळे पुन्हा घ्यावी लागली. मात्र दोन्ही ठिकाणी दोष उघडकीस आला व त्याचे निवारण झाले, हेही लक्षात घ्यावे. याहून खोल आक्षेप गुप्ततेचा आहे. मतदानकेंद्रातील पडदा पती, मालक व पुढारी या तिघांनाही बाहेर ठेवतो. घरच्या मेजावर तो पडदा नसतो. तिसरा आक्षेप कालाचा. मोंटानात २०१७ च्या पोटनिवडणुकीत मतदानाच्या आदल्या संध्याकाळी एका उमेदवाराने वार्ताहरावर हल्ला केला. तोवर पुष्कळ मतदारांनी मते देऊन टाकली होती.

समर्थकांनीही अतिशयोक्ती टाळली पाहिजे. सोय वाढली की मतदान भरमसाट वाढते, हा समज संशोधनाला टिकत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका सुपरिचित अभ्यासात केवळ मुदतपूर्व मतदानाने मतदानाचे प्रमाण किंचित घटल्याचे आढळले. २०२० च्या दुसऱ्या अभ्यासात सर्वांना टपाली मतपत्रिका पाठविल्याने सुमारे दोन टक्क्यांची वाढ दिसली व कोणत्याही पक्षाला लक्षणीय लाभ झाल्याचे दिसले नाही. म्हणून या सुधारणेचे समर्थन आकड्यांच्या आशेवर न करता भाराच्या समतेवर करणे अधिक सुरक्षित होय. दहा मतदारांना ज्या वाटेने जाता येते त्या वाटेने अकराव्याला जाता येत नसेल, तर त्या एकासाठी दुसरी वाट काढणे हे न्यायाचे कृत्य आहे.

(५)

विधिमंडळांनी काय करावे? प्रथम, मुदतपूर्व प्रत्यक्ष मतदान सर्वत्र सुरू करावे व त्यात शनिवार-रविवारचा समावेश असावा. या पद्धतीत पडदा कायम राहतो, अधिकारी समोर असतो. गुप्ततेचा व गैरव्यवहाराचा आक्षेप तिला फारसा लागू पडत नाही. मुदत मात्र बेताची ठेवावी, म्हणजे काळाच्या आक्षेपाची धार बोथट होते. दुसरे, टपाली मतपत्रिकेसाठी कारणाची अट काढावी. परंतु इतरांच्या मतपत्रिका गोळा करण्यावर कडक नियंत्रण ठेवावे. तिसरे, सही जुळत नाही वा लिफाफ्यावर तारीख नाही, अशा त्रुटींची सूचना मतदाराला देऊन दुरुस्तीची संधी द्यावी. चौथे, लिफाफ्यांची छाननी आधी सुरू करू द्यावी. पेनसिल्व्हेनियात २०२० साली मतदानदिवसाच्या सकाळपर्यंत ती करता येत नव्हती; परिणामी तेथील कल स्पष्ट होण्यास चार दिवस लागले आणि तेवढ्या अवधीत संशयाला मोकळे रान मिळाले.

(६)

आपल्या वाचकांना हा विषय परका वाटू नये. भारतात टपाली मतदान दीर्घकाळ मुख्यतः सैनिक व निवडणूक कर्मचारी यांच्यापुरते होते. २०१९ पासून वृद्ध व अपंग मतदारांना घरून मतदानाची सोय मिळाली. तिची वयोमर्यादा २०२४ साली ८० वरून ८५ करण्यात आली. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राची कल्पना निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मांडली. पण २०२४ च्या निवडणुका त्या यंत्राविनाच पार पडल्या. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गळीत हंगामासाठी घर सोडतात ते याच सुमारास. फडावर कोयता चालविणाऱ्या मजुराचे नाव गावच्या यादीत असते, तो स्वतः तेथे नसतो. कॅन्ससच्या विधिमंडळाने १९०१ साली रेल्वे कामगारांपुरते ज्या प्रश्नाचे उत्तर दिले, तोच प्रश्न येथे ऊसतोड मजुराच्या रूपाने उभा आहे. आणि येथे त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी संसदेवर व निवडणूक आयोगावर आहे.