बिल्ला कोणाचा? – संगणकाच्या जाळ्यातील ‘फाईल हँडल’ची ओळख

२००३ सालची गोष्ट. मी तेव्हा संशोधक विद्यार्थी होतो. आमच्या प्रयोगशाळेत रात्रभर मोजमापे घेणारा एक संगणक होता. आपली आकडेवारी तो स्वतःच्या डिस्कवर ठेवत नसे. शेजारच्या खोलीतील मोठ्या संगणकाच्या डिस्कवर जाळ्यामार्फत लिहीत असे. एका संध्याकाळी मोठ्या संगणकाची देखभाल झाली आणि त्याची डिस्क एका जोडणीवरून काढून दुसऱ्या जोडणीवर बसवली गेली. डिस्क तीच, फाईली त्याच, नावेही तीच. तरी सकाळी येऊन पाहतो तो मोजणीच्या संगणकाच्या पडद्यावर एकच संदेश पुन्हा पुन्हा उमटलेला: ‘स्टेल एनएफएस फाईल हँडल’. ‘स्टेल’ म्हणजे शिळे. रात्रभरातली एकही नोंद उतरली नव्हती.

फाईल जागेवर असताना ‘शिळे’ काय झाले होते? हे समजण्यासाठी जाळ्यावरून फाईल मागण्याची रीत पाहावी लागेल.

चपलांचा बिल्ला

देवळाबाहेर चपला सांभाळणारा माणूस आपल्याला एक बिल्ला देतो. त्यावर काही आकडे, एखादी खूण असते. तिचा अर्थ काय, कप्पा कोणता, रांग कोणती, हे आपल्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. परत येऊन बिल्ला जसाच्या तसा दिला की चपला मिळतात. अर्थ लावण्याचे काम देणाऱ्याचे, जपून ठेवण्याचे काम घेणाऱ्याचे.

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ साली ‘नेटवर्क फाईल सिस्टिम’, म्हणजेच एनएफएस, तयार केली तेव्हा नेमकी हीच युक्ती योजली. फाईली सांभाळणारा संगणक म्हणजे सर्व्हर, आणि मागणारा तो ग्राहक-संगणक. ग्राहक प्रथम एखाद्या फाईलचे नाव सांगतो. सर्व्हर ती शोधून उत्तरादाखल काही बाइटांची एक ओळ पाठवतो. हेच फाईल हँडल. यापुढे ‘या हँडलच्या फाईलमधील अमुक बाइटापासून इतके बाइट दे’ एवढेच ग्राहक म्हणतो. नाव पुन्हा सांगत नाही.

यात एक मोठी सोय होती. कोणत्या ग्राहकाने कोणती फाईल उघडली आहे याची यादी सर्व्हरला ठेवावी लागत नसे. सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी ग्राहक तेच हँडल पुन्हा दाखवून काम पुढे चालू ठेवू शके. मात्र त्यासाठी फाईल शोधायला लागणारी सर्व माहिती हँडलमध्येच असणे भाग होते.

१९८९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या वर्णनात हँडलची लांबी नेमकी ३२ बाइट ठरवली होती. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती ६४ बाइटांपर्यंत आणि २००० सालच्या चौथ्या आवृत्तीत १२८ बाइटांपर्यंत हवी तेवढी असू शकते. पण या बाइटांत काय लिहावे, याविषयी नियम जाणूनबुजून मौन पाळतात. ग्राहकाच्या दृष्टीने हँडल अपारदर्शक आहे. म्हणूनच निरनिराळ्या कार्यप्रणालींचे संगणक एकमेकांच्या फाईली वापरू शकतात. समोरच्याची अंतर्गत मांडणी कोणालाच समजून घ्यावी लागत नाही.

बिल्ल्यावर लिहिलेले असते काय?

युनिक्स कुळातील बहुतेक सर्व्हर हँडलमध्ये तीन गोष्टी लिहितात. पहिली, फाईल कोणत्या डिस्कवरील कोणत्या फाईलव्यवस्थेत आहे. दुसरी, त्या व्यवस्थेतील तिचा आयनोड क्रमांक. प्रत्येक फाईलची नोंद या क्रमांकाने ठेवलेली असते. तिसरी, पिढी-क्रमांक.

हा तिसरा आकडा कशाला? शाळेतलेच उदाहरण घेऊ. वर्गातील १७ हा हजेरी क्रमांक यंदा एका मुलाचा असतो, पुढच्या वर्षी दुसऱ्याचा. ‘१७ नंबरला बोलवा’ असा जुना निरोप पुढच्या वर्षी कोणी बजावला, तर भलताच मुलगा उभा राहील. म्हणून क्रमांकाबरोबर वर्षही सांगावे लागते. आयनोड क्रमांकाचे असेच आहे. एक फाईल पुसली की तिचा क्रमांक नव्या फाईलला मिळू शकतो. तो दर वेळी नव्याने वापरताना सर्व्हर पिढी-क्रमांक बदलतो. जुने हँडल घेऊन कोणी आला, तर पिढी जुळत नाही आणि सर्व्हर ‘शिळे’ म्हणून ते परत करतो. तसे केले नाही तर ग्राहक कोणा दुसऱ्याच्याच फाईलमध्ये लिहून बसेल.

आमच्या प्रयोगशाळेत बिघडली होती ती पहिली गोष्ट. तो सर्व्हर लिनक्सचा होता. त्याच्या हँडलमध्ये त्या काळी डिस्कचा उपकरण-क्रमांक लिहिला जाई आणि तो जोडणीवर अवलंबून असे. जोडणी बदलली, क्रमांक बदलला आणि ग्राहकाजवळचे सगळे बिल्ले एका रात्रीत निकामी झाले. लिनक्समध्ये पुढे यासाठी फाईलव्यवस्था तयार होतानाच तिला मिळणारा १६ बाइटांचा कायमचा ओळख-क्रमांक वापरता येऊ लागला. डिस्क कोठेही बसवा, हा क्रमांक बदलत नाही.

तिऱ्हाइताची अडचण

आता या व्यवहारात एक तिसरा माणूस आणू. जाळ्यात बिघाड झाला आहे, किंवा कोणती फाईल किती वेळा वाचली जाते याचा अभ्यास करायचा आहे. त्यासाठी तो तारेवरून जाणारी पाकिटे टिपून ठेवतो. त्याच्या हाती हँडल पडते; पण ते कोणत्या कार्यप्रणालीने लिहिले हे त्यावर सांगितलेले नसते. ग्राहकाला सोयीचे असलेले अपारदर्शकत्व येथे आडवे येते.

अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत तयार झालेला ‘टीसीपीडंप’ हा पाकिटे टिपणारा कार्यक्रम आजही वापरात आहे. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पश्चिम संशोधन प्रयोगशाळेतील जेफ्री मोगल यांनी १९९३–९४ च्या सुमारास लिहिलेला एक भाग त्यात आहे. हँडलकडे पाहून ते कोणत्या प्रणालीचे असावे याचा अंदाज बांधणे, एवढेच त्याचे काम. सनओएस, अल्ट्रिक्स, आयरिक्स, एआयएक्स, एचपी-यूएक्स, व्हीएमएस अशा त्या काळच्या अनेक प्रणाली तो ओळखू पाहतो. त्याची पद्धत वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना परिचित वाटेल. पाने समोरासमोर की एकाआड एक? कडा अखंड की दातेरी? असे प्रश्न विचारत आपण जातीपर्यंत पोचतो. येथे प्रश्न बाइटांना विचारायचे.

ही तत्त्वे वापरून मी केलेली एक छोटी ओळख-सारणी देतो. बाइट १ पासून मोजले आहेत.

१. ओळीत वाचता येण्याजोगी अक्षरे आणि त्यांच्यामागे शून्यांची रांग आहे का? असल्यास सर्व्हर व्हीएमएसचा असण्याचा संभव आहे.

२. लांबी ३२ असून ९ व १० या बाइटांत ‘०, १०’ आणि पुन्हा २१ व २२ मध्ये ‘०, १०’ आहे का? असल्यास स्पार्क जातीच्या यंत्रावरील सोलॅरिस. दोन्ही ठिकाणी ‘१०, ०’ असल्यास इंटेल यंत्रावरील सोलॅरिस.

३. ९ व १० मध्ये ‘१२, ०’ आहे का? असल्यास बीएसडी कुळातील प्रणाली. डिजिटलची ओएसएफ/१ याच कुळातली.

४. पहिला बाइट १, दुसरा ० आणि पुढचे दोन लहान आकडे आहेत का? असल्यास बहुधा लिनक्स.

यातील १० आणि १२ हे आकडे पाहण्याजोगे आहेत. दोन्ही प्रणाली या जागी पुढील माहितीची लांबी लिहितात. माहितीही जवळजवळ सारखीच: दोन रिकामे बाइट, चार बाइटांचा आयनोड क्रमांक, चार बाइटांचा पिढी-क्रमांक, एकूण १०. बीएसडीवाले लांबीचे स्वतःचे दोन बाइटही मोजतात, म्हणून १२. मोजण्याच्या सवयीतला एवढासा फरक ओळखीची खूण ठरतो.

अंडे कोणत्या टोकाने फोडावे?

‘०, १०’ आणि ‘१०, ०’ हा फरक दुसऱ्या कारणाने पडतो. एका बाइटात २५५ पर्यंतची संख्या मावते. मोठी संख्या अनेक बाइटांत लिहावी लागते. काही यंत्रे मोठ्या स्थानमूल्याचा बाइट आधी लिहितात, काही लहान. गलिव्हरच्या गोष्टीत अंडे मोठ्या टोकाने फोडावे की लहान, यावरून युद्ध होते. त्यावरून डॅनी कोहेन यांनी १९८० साली या दोन पद्धतींना मोठ्या टोकाची आणि लहान टोकाची अशी नावे दिली.

१२३४५ ही संख्या घ्या. ४८ गुणिले २५६ अधिक ५७ बरोबर १२३४५. मोठ्या टोकाच्या पद्धतीने चार बाइट असे: ०, ०, ४८, ५७. लहान टोकाच्या पद्धतीने: ५७, ४८, ०, ०. ही दुसरी ओळ पहिल्या पद्धतीने वाचली तर उत्तर येते ९५,९४,४७,०४०! एनएफएसमधील इतर सर्व संख्या तारेवर मोठ्या टोकाच्या ठरावीक पद्धतीनेच पाठवल्या जातात. पण हँडल हा अर्थ नसलेला ऐवज मानला असल्यामुळे तो सर्व्हरच्या स्वतःच्या पद्धतीने, जसाच्या तसा जातो.

अंदाज तपासायचा कसा?

ओळख-सारणी सांगते तो अंदाज असतो. योगायोगाने दुसऱ्याच प्रणालीच्या हँडलमध्येही नवव्या जागी १२ येऊ शकतात. कार्यक्रम मात्र आपले उत्तर प्रश्नचिन्ह न लावता छापतो आणि वाचणारा ते खरे मानून चालतो. चुकीच्या ओळखीवरून काढलेला आयनोड क्रमांक दिसायला ठीकच दिसतो. त्यावरून ‘ही फाईल सर्वांत जास्त वाचली गेली’ असा निष्कर्षही निघतो आणि तो साफ चुकीचा असू शकतो.

सुदैवाने येथे पडताळा घेता येतो. सर्व्हरच्या उत्तरात फाईलचे गुणधर्मही येतात: आकार, तारीख आणि फाईल-क्रमांक. युनिक्स कुळात हा फाईल-क्रमांक म्हणजे सहसा आयनोड क्रमांकच, आणि तो ठरावीक पद्धतीने लिहिलेला असतो. समजा, हँडल २८ बाइटांचे आहे आणि त्याची सुरुवात १, ०, ६, १ अशी आहे. सारणी म्हणते लिनक्स. लिनक्समध्ये ६ म्हणजे पुढे १६ बाइटांचा कायमचा ओळख-क्रमांक, आणि १ म्हणजे त्यानंतर आयनोड व पिढी. ४ अधिक १६ अधिक ४ अधिक ४ बरोबर २८, लांबी जुळली. आता भाकीत असे: २१ ते २४ या बाइटांत फाईल-क्रमांक सापडला पाहिजे. तेथे ५७, ४८, ०, ० आहे आणि गुणधर्मांत १२३४५, तर अंदाज टिकला. दोन-चार फाईलींबाबत असे जुळले की खात्री धरावी. एकदा जरी जुळले नाही तरी ‘अज्ञात’ लिहावे.

वाचता येते म्हणजे बनवताही येते

हँडल ओळखता येण्याला एक काळी बाजू आहे. जुन्या एनएफएसमध्ये परवानगीची मुख्य तपासणी जोडणी करताना एकदाच होई. पुढे ज्याच्याजवळ योग्य हँडल, त्याला सर्व्हर उत्तर देई. वापरकर्ता कोण हे ग्राहक सांगेल तेच मानले जाई. म्हणजे हँडलची रचना जाणणाऱ्याने आयनोड क्रमांक आणि पिढी-क्रमांक अंदाजाने बरोबर घातले, तर दारावरची तपासणी टाळून आत शिरता येई. म्हणून सनने ‘एफएसआयरँड’ नावाचा कार्यक्रम दिला. तो सर्व आयनोडांचे पिढी-क्रमांक यादृच्छिक करून टाकी, म्हणजे अंदाज बांधणे अवघड होई. वर्ष मोजण्यासाठी आलेला आकडा असा कुलपाच्या कामीही आला. चौथ्या आवृत्तीने तर ओळख पटवण्याच्या भक्कम पद्धतीची सोय प्रत्येक सर्व्हरमध्ये असणे बंधनकारक केले.

वर्गात हा विषय कागदावरही घेता येईल. विद्यार्थ्यांना ३२ आकड्यांची एक ओळ द्यावी: ९–१० आणि २१–२२ या जागी ०, १०, १३ ते १६ या जागी ०, ०, १, ४४. सारणी वापरून प्रणाली ओळखायला आणि आयनोड क्रमांक काढायला सांगावे. उत्तर ३०० येईल. मग विचारावे, हे उत्तर खरे कशावरून? या दुसऱ्या प्रश्नाला विद्यार्थी ‘सर्व्हरच्या उत्तरातील फाईल-क्रमांकाशी ताडून’ असे म्हणाले, तर तासाचे सार्थक झाले असे समजावे.