खुब्याचा अस्थिभंग आणि शय्याव्रण : प्रतिबंध हीच श्रेष्ठ चिकित्सा

वृद्धावस्थेत अस्थिक्षय झालेला असताना अंगणात वा न्हाणीत घसरण्याचे निमित्तही खुब्याच्या अस्थिभंगास पुरेसे होते. पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूस वळलेला दिसतो. लाखांदूर, पवनी, साकोली या तालुक्यांतील गावांत अशा वेळी प्रथम पाचारण होते ते बहुधा गावातील वैद्यालाच. तेथून भंडारा वा नागपूर गाठून शस्त्रकर्म होईपर्यंतचा काळ शय्याव्रणाच्या दृष्टीने अत्यंत धोक्याचा असतो.

सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत जंघा व ऊरू यांच्या भग्नासाठी पाच कीलकांनी बांधावयाचे कपाटशयन सांगितले आहे. स्थिरता अस्थिसंधानास आवश्यक असली, तरी तीच त्वचा व मांस यांना घातक ठरू शकते. अस्थी व अंथरूण यांमध्ये दबलेल्या भागाचा रक्तपुरवठा खंडित होतो आणि काही तासांतच धातूंचा नाश आरंभतो. त्रिकप्रदेश, टाचा व खुब्याचा उंचवटा ही प्रमुख स्थाने होत. वेदनेमुळे रुग्ण कूस बदलत नाही, मलमूत्राने त्वचा ओली राहते आणि अन्न कमी जाते. या तिन्ही कारणांनी धोका वाढतो.

धोका मोजण्यासाठी ब्रेडन व बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली गुणपद्धती उपयुक्त आहे. संवेदना, ओलावा, वावर, स्थिती बदलण्याची क्षमता, पोषण व घर्षण या सहा बाबींना मिळून ६ ते २३ गुण दिले जातात. १८ वा त्याहून कमी गुण असल्यास रुग्ण धोक्यात आहे असे समजावे.

त्वचेवरील लाली बोटाने दाबून पाहावी. दाबल्यावरही ती फिकी होत नसेल, तर व्रणाची प्रथमावस्था झाली आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून उष्णता, काठिण्य व वेदना तपासाव्यात. येथे एक सावधगिरी आवर्जून सांगावीशी वाटते. अशा जागी अभ्यंग वा मर्दन करू नये. चोळण्याने आतील दुर्बल धातूंना अधिकच इजा होते. तेल लावावयाचे असल्यास ते निरोगी त्वचेवर, हलक्या हाताने लावावे.

उपाय साधे आहेत. वेदनाशमन करून साधारणतः दर दोन तासांनी स्थिती बदलावी. अस्थिभंग स्थिर होईपर्यंत हे काम दोघांनी पाय आधारून, अंग न ओढता करावे. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. नुसत्या भातपेजेवर न ठेवता डाळ, दूध, अंडी द्यावीत. मात्र शस्त्रकर्मापूर्वीच्या उपवासाबाबत रुग्णालयाची सूचना पाळावी. शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रकर्म होऊन रुग्ण उठून बसावा, यासाठी त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती, की मध्ये पोकळी असलेली रबरी गोल उशी देऊ नये. तिच्या कडांचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा रोखतो. स्पिरिट चोळण्याने त्वचा रुक्ष होते. त्याऐवजी हवेची गादी सुचवावी. परंतु ती घेतल्यावरही कूस बदलणे अनिवार्य असल्याचे ग्राहकास स्पष्ट सांगावे.

काळा पडलेला, दुर्गंधी वा स्राव असलेला व्रण आणि सोबत ज्वर असल्यास केवळ बाह्य लेपावर विसंबू नये, शल्यतज्ज्ञांकडे पाठवावे. चिकित्सेच्या चतुष्पादांपैकी परिचारक हा पाद येथे सर्वांत निर्णायक आहे. त्यामुळे पहिल्याच भेटीत औषधाइतकाच वेळ घरच्या मंडळींना ही परिचर्या शिकविण्यास द्यावा.