पुण्यात मेट्रो आली, पण एसटीला जोडली का? समजून घ्या ‘मल्टिमोडल हब’

नाशिकहून एसटीने आलेल्या प्रवाशाला स्वारगेटला जायचे असेल, तर शिवाजीनगरच्या जुन्या स्थानकात उतरून थेट भुयारी मेट्रो पकडणे सर्वांत सोपे ठरले असते. मात्र मेट्रोच्या कामासाठी 2019 च्या अखेरीस हे एसटी स्थानक दीड-दोन किलोमीटरवर, वाकडेवाडीला हलवण्यात आले. ऑगस्ट 2023 मध्ये शिवाजीनगरची मेट्रो सुरू झाली, तेव्हा वरचे स्थानक जागेवर नव्हते. मधल्या अंतरासाठी बॅगा घेऊन रिक्षा शोधायची, नाहीतर पीएमपीची वाट पाहायची.

हब म्हणजे काय?
एसटी, पीएमपी, मेट्रो, रेल्वे, रिक्षा ही साधने एकाच आवारात, कमीत कमी चालून बदलता येतील अशी जागा. नुसती मोठी इमारत किंवा मॉल म्हणजे हब नव्हे.

चालण्याला एवढे महत्त्व का?
वाहतूक नियोजनात चालण्याची आणि थांबण्याची मिनिटे गाडीतल्या मिनिटांपेक्षा जड धरतात, अनेकदा दुप्पट. गाडी बदलताना दहा मिनिटे गेली, तर प्रवाशाला ती वीस वाटतात. मग तो दुचाकीच काढतो.

पुण्यात हब कुठे?
- स्वारगेट : एसटी आणि पीएमपीची स्थानके जवळजवळ आहेत. 29 सप्टेंबर 2024 पासून भुयारी मेट्रोही आली.
- जिल्हा न्यायालय : पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या मार्गिका इथे मिळतात. भुयारी स्थानक सुमारे 33 मीटर खोल असल्याने सरकते जिने आणि लिफ्ट सतत चालू असणे अत्यावश्यक. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गिकेचे टोकही याच परिसरात आहे.

अडते कुठे?
मेट्रो महामेट्रोची, एसटी महामंडळाची, बस पीएमपीची, पदपथ महापालिकेचे आणि हिंजवडी मार्गिका पीएमआरडीएची. प्रत्येकाची हद्द दुसऱ्याच्या दारापाशी संपते. प्रवाशाचा त्रास नेमका तिथेच सुरू होतो.

काय तपासावे?
जिन्याशिवाय जाता येते का? पावसात डोक्यावर छत आहे का? पुढची बस किती वाजता, हे फलकावर दिसते का? एकाच कार्डावर सगळीकडे तिकीट मिळते का? आणि रात्री उशिरा एकट्या महिलेला तो रस्ता सुरक्षित वाटतो का?

या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील, तरच ते हब. नाहीतर ती फक्त शेजारी-शेजारी उभी असलेली स्थानके.