आठ हजार सहाशे कोटी आणि त्यातले काही हजार

माणसाच्या मेंदूत पेशी किती, याची मोजदाद सव्वाशे वर्षं चालू आहे आणि आकडा एका जागी थांबायचं नाव घेत नाही. 1899 मध्ये हेलन थॉम्पसन या अमेरिकन संशोधक बाईंनी फक्त मोठ्या मेंदूच्या बाह्यकातल्या चेतापेशींचा हिशेब मांडला, तो 920 कोटींचा. पुढे कधीतरी संपूर्ण मेंदूसाठी दहा हजार कोटी हा गोल आकडा पाठ्यपुस्तकांत शिरला. तो प्रथम कोणी मोजला, असं विचारलं की ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या पुस्तकाकडे बोट दाखवावं, असा प्रकार.

मोजण्याची रीत म्हणजे आपल्याकडची पैसेवारी. मेंदूचा पातळ काप घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या आणि त्यावरून साऱ्या शिवाराचा अंदाज बांधायचा. भंडारा जिल्ह्यातल्या धानवाल्याला यातली मेख सांगायला नको. कापणी प्रयोगाचा तुकडा कोणत्या बांधीत पडला, यावर गावाची पैसेवारी पन्नासच्या वर जाते की खाली, हे ठरतं. मेंदूची गोष्ट तर आणखी अवघड. लहान मेंदूत पेशी इतक्या दाट की त्या काही केल्या नीट मोजल्याच जात नव्हत्या.

यातून वाट काढली ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल यांनी. 2005 मध्ये त्यांनी कापांचा नाद सोडला. पेशींची आवरणं फोडून मेंदूचा सरळ एकजीव द्राव करायचा, त्यात तरंगणारी केंद्रकं रंगवायची, द्राव नीट ढवळून थेंबातली केंद्रकं मोजायची. 2009 मध्ये माणसाचा आकडा आला : 8,600 कोटी चेतापेशी. त्यातल्या 6,900 कोटी एकट्या लहान मेंदूत, ज्याचं वजन साऱ्या मेंदूच्या जेमतेम दहा टक्के. ज्या बाह्यकाच्या जोरावर आपण स्वतःला शहाणे समजतो, त्यात फक्त 1,600 कोटी. आज सर्रास सांगितला जाणारा हा आकडा अवघ्या चार पुरुषांच्या मेंदूंवर उभा आहे, हेही सांगून टाकलेलं बरं. मज्जारज्जूची पाळी 2018 मध्ये आली. त्यात निघाल्या सुमारे 20 ते 22 कोटी.

पेशी मोजणं एकवेळ सोपं. त्या माहिती किती हाताळतात, हा हिशेब त्याहून बेभरवशाचा. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन 1957 मध्ये गेले. मेंदू आणि संगणकाची तुलना करणारं त्यांचं अपुरं टिपण पुढच्या वर्षी पुस्तकरूपानं निघालं. एक हजार कोटी पेशी, प्रत्येकीला सेकंदाला 14 बिट्स, आणि काहीच विसरलं जात नाही असं धरून साठ वर्षांचं आयुष्य, असा त्यांचा गुणाकार. उत्तर आलं 28 वर एकोणीस शून्यं इतके बिट्स. 1986 मध्ये मानसशास्त्रज्ञ टॉमस लँडावर यांनी उलट टोकानं सुरुवात केली. माणूस वाचताना, चित्रं पाहताना खरोखर किती लक्षात ठेवतो, ते प्रयोगांतून काढलं. सेकंदाला दोनेक बिट्स. आयुष्यभराची बेरीज शंभर कोटी बिट्सच्या घरात, म्हणजे मोबाइलमधल्या एका व्हिडिओइतकी. दोन थोर माणसं, एकच मेंदू, आणि उत्तरांत फरक अठ्ठावीस हजार कोटी पटींचा. अलीकडे, 2024 च्या अखेरीस, कॅलिफोर्नियातल्या जियेयू झेंग आणि मार्कस माइस्टर यांनी टायपिंग, बोलणं, खेळ यांचे हिशेब तपासून माणसाच्या वागण्याचा वेग सेकंदाला दहा बिट्स ठरवला. डोळ्यांतून मात्र सेकंदाला कोटीच्या आसपास बिट्स आत येतात. मधल्यामध्ये एवढं सगळं जातं कुठे?

मला यात एक गोष्ट खटकत आली आहे. ही सारी गणितं एकूण बेरजेची आहेत. बेरजेतून पेशींच्या जोडण्या दिसत नाहीत, आणि कुठली पेशी कुठे पोचते हेही दिसत नाही. ते पाहायचं तर भंडाऱ्याच्या बांधीत उतरावं लागतं.

धान कापायच्या आधी, ओल उरलेल्या बांधीत इथे लाखोरी हे कडधान्य फेकून पेरतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही; तरी पीक येतं. कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचे वडे होतात. दुष्काळात सगळं मेलं तरी लाखोरी जगते, आणि घात तिथेच होतो. दुसरं काही नसलं की माणूस निव्वळ लाखोरीवर राहतो. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोरी दोन-तीन महिने पोटात गेली, की काहींचे पाय आखडतात. गुडघे एकमेकांवर घासत, चवड्यांवर, काठीच्या आधारानं चालणं उरतं. काहींचं तेही जातं. ब्रिटिश अधिकारी स्लीमननं 1844 च्या पुस्तकात मध्य भारतातल्या अशा गावांविषयी लिहिलं. भंडारा ज्या मध्य प्रांतात होता, तिथल्या 1896 ते 1902 या दुष्काळी वर्षांतल्या रोगावर अँड्र्यू ब्यूकॅनननं अहवाल लिहिला. तो नागपुरात 1904 मध्ये छापला गेला. दाण्यातलं विष 1964 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा यांनी वेगळं काढलं. त्याला ओडॅप म्हणतात. एक चेतापेशी दुसरीला ग्लुटामेट या रसायनानं निरोप देते. ओडॅप त्याच कुलपात बसणारी खोटी किल्ली. पेशी गरजेपेक्षा जास्त चेतते आणि शेवटी मरते.

आता इथला हिशेब बघा. मेंदूतून मज्जारज्जूत उतरणाऱ्या हालचालीच्या तंतूंची संख्या एका बाजूला दहा लाखांच्या आसपास. त्यांच्या उगमाशी असलेल्या सर्वांत मोठ्या पेशी, बेट्झ पेशी, एका अर्ध्या मेंदूत तीसेक हजार. लाखोरीचा मुख्य मार बसतो तो यातल्या कमरेपर्यंत पोचणाऱ्या लांब तंतूंना. 8,600 कोटींत ही तूट दशांशचिन्हानंतरच्या शून्यांत हरवते. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, हातही बहुधा चालतात; माणूस बाजाराचा हिशेब तोंडी करतो, पोराचा अभ्यास घेतो. फॉन नॉयमन किंवा लँडावर, कोणाच्याही सूत्रात घाला, क्षमता जशीच्या तशी निघेल. आणि हा माणूस धुऱ्यावर चढू शकत नाही.

लखनौच्या मज्जातज्ज्ञांनी गेल्या शतकाच्या अखेरीस अशा रुग्णांचं मोजमाप वेगळ्या पद्धतीनं केलं. डोक्यावर बाहेरून स्पंद द्यायचा आणि पायाचा स्नायू किती मिलिसेकंदांनी हलतो ते पाहायचं. अनेकांत निरोप उशिरा पोचला, काहींत पोचलाच नाही. पेशींच्या बेरजेपेक्षा मला हा आकडा अधिक प्रामाणिक वाटतो.

1961 मध्ये केंद्रानं लाखोरीच्या विक्रीवर बंदी घातली. पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याला ती कधीच पटली नाही. आमच्या आज्या-पणज्या हेच खात आल्या, असं तो म्हणतो, आणि मिसळीच्या जेवणापुरतं ते चूक नाही. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. 2016 च्या सुरुवातीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनं रतन, प्रतीक आणि महातिवरा या कमी ओडॅपच्या तीन वाणांना अनुकूल मत दिलं. शेवटची दोन रायपूरच्या कृषी विद्यापीठाची, म्हणजे भंडाऱ्याच्या शेजारचीच. मोंढ्यावर आलेल्या पोत्यात कोणतं वाण आहे, हे मात्र दाण्याकडे बघून ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.