जुना रंग खरवडताना

नव्या रंगापूर्वी दारे-खिडक्यांवरील जुना तेलरंग खरवडला जातो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित झाले. त्यापूर्वीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या व लाल तेलरंगांत, ते कितीतरी अधिक असू शकते. घट्ट बसलेला रंग सहसा उपद्रव करीत नाही. कोरड्या घासकागदाने उडालेली धूळ मात्र श्वासावाटे, रांगत्या मुलांच्या तर बोटांवाटेही, शरीरात जाते. मुलांच्या मेंदूला होणारी इजा बहुधा भरून येत नाही. म्हणून पृष्ठभाग ओला करूनच घासावा. रंग जाळून काढू नये. तोंडावरचा रुमाल ही सूक्ष्म धूळ अडवीत नाही. झाडूची सवय सुटणे कठीण, तरीही जमीन ओल्या फडक्यानेच पुसावी. रंगाऱ्याने कामाचे कपडे वेगळे धुवावेत.