गाडी उभी, इंजिन धावते

पाय ॲक्सिलरेटरवर नाही, गियर न्यूट्रलमध्ये आहे, गाडी जागेवर उभी आहे. तरी इंजिनाचा आवाज चढलेलाच. जुन्या पेट्रोल गाड्यांत ही तक्रार नेहमी आढळते. बऱ्याचदा मेकॅनिक एक स्क्रू फिरवतो आणि आवाज उतरतो. पण म्हणून दोष गेला असे म्हणता येईल का? एक उदाहरण घेऊ.

अमेरिकेत टोयोटाचा छोटा पिकअप ट्रक १९९५ पर्यंत विकला जात असे. त्यातील '२२आरई' हे २.४ लिटरचे इंजिन तापल्यावर, गाडी उभी असताना, मिनिटाला सुमारे ७५० फेरे घेते. समजा, हा आकडा १५०० झाला. या इंजिनात आत येणारी हवा मोजली जाते आणि त्या प्रमाणात पेट्रोल फवारले जाते. तेव्हा खरा प्रश्न असा की, थ्रॉटलची झडप मिटलेली असताना जादा हवा आली कुठून?

वाटा मुख्यतः तीन. पहिली, ताणलेल्या केबलमुळे किंवा साचलेल्या काजळीमुळे थ्रॉटल पूर्ण मिटत नाही. दुसरी, एखादी रबरी नळी चिरलेली असते. आतला दाब बाहेरच्या निम्म्याहून कमी असल्याने चिरेतून हवा ओढली जाते. ही हवा मोजली न गेल्याने मिश्रण पातळ होते व इंजिन बहुधा थरथरते.

तिसरी वाट मुद्दाम ठेवलेली आहे. थंड इंजिन बंद पडू नये म्हणून थ्रॉटलला वळसा घालून थोडी जादा हवा सोडतात. या वाटेवरील झडपेत मेण असते. इंजिनाचे कूलंट तापले की मेण वितळून प्रसरण पावते आणि झडप मिटते. (वितळलेले मेण वाटीत थिजू द्या, मध्ये पडणारा खळगा विद्यार्थ्यांना हेच उलट बाजूने दाखवील.) पण कूलंट कमी झाले किंवा त्यात हवा अडकली, तर ऊब मेणापर्यंत पोचत नाही. इंजिन तापते, झडपेला मात्र ते थंडच वाटते! ही हवा मोजलेली असल्याने इंजिन न थरथरता, पण वेगाने चालते.

आता तपासणी. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून कूलंटची पातळी पाहावी. गरम असताना झाकण कधीही उघडू नये. मग गरम इंजिनात ही तिसरी वाट क्षणभर बंद करावी. फेरे उतरले तर दोष तिथेच. न उतरले तर केबल आणि नळ्यांकडे वळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे उत्तर निःसंदिग्ध मिळते.

स्क्रू फिरवल्याने हवेची दुसरी एक वाट अरुंद होते आणि बेरीज जुळते. कूलंट मात्र कमीच राहते. पुढे एखाद्या घाटात इंजिन भलतेच तापून हेडचे गॅस्केट जाऊ शकते. चढलेला आवाज ही त्याची पूर्वसूचना होती. स्क्रूने आपण ती सूचनाच बंद केली.